भस्माने दिवे लागत नाहीत

हैदराबादच्या एका कंपनीने मला फसवलं. ग्रे कोडची चकती सांगितली आणि पेटीत साध्या बायनरीची चकती घालून दिली. फसवणूक उघडी पडायची वेळ आली तेव्हा खापर माझ्या आईच्या भस्मावर फोडलं. चकतीचा हिशेब मी त्यांच्याच दुकानात बसून चुकता करून घेतला. भस्माचा हिशेब अजून बाकी आहे.

सोनकांबळे साहेबांचा फोन आला तेव्हा मी लातूरला माझ्या दुकानात एका दाळ मिलची मोटर उघडून बसलो होतो. साहेब पाटबंधारे खात्यात उपअभियंता. मूळचे देगलूरकडचे, मोजकं बोलणारे. ज्या तलावावर मी पाण्याची पातळी मोजायचं मशीन बसवलं होतं, तो तलाव त्यांच्या ताब्यात.

"मन्मथअप्पा, तलाव भरला," ते म्हणाले.

त्या साली दुष्काळ होता. लातुरात घागरीमागे घागर लावून लोक टँकरची वाट बघत होते. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

"तुमचा डिस्प्ले दोनशे पंचावन्न दाखवून राहिला. काठोकाठ. माझ्या दारात मोटरपंपवाले येऊन बसलेत. निघा लवकर."

मी पान्हा तसाच टाकला आणि एसटी स्टँड गाठलं.

त्या आकड्यावर काय अडलं होतं ते आधी सांगतो. तलावाच्या काठाला उसाचे मळे होते. मळेवाल्यांचे पंप तलावातून पाणी उचलायचे. खालच्या अंगाला तालुक्याचं गाव. त्याचं पिण्याचं पाणी याच तलावातून. दुष्काळात ठरलं असं की पातळी एका खुणेच्या वर आहे तोवर पंप चालतील, खाली गेली की पंपांची लाइट तोडायची आणि उरलेलं पाणी पिण्यासाठी ठेवायचं. पण पातळी वाचायची कोणी? तलावात रंगवलेली पट्टी होती, तिच्यावरून खात्याचा माणूस आकडा सांगायचा. मळेवाले म्हणायचे, गाववाल्यांनी त्याला चहा पाजला. गाववाले म्हणायचे, मळेवाल्यांनी गूळ दिला. लातूर जिल्हा नवा झालेला, नवीन साहेब लोकांना हे रोजचं भांडण नको होतं. बैठकीत सगळ्यांनी मिळून मान्य केलं की आकडा माणसाचा नको, मशीनचा धरायचा.

ते मशीन पुरवायचं काम मला मिळालं. मी काही शिकलेला इंजिनियर नाही. जळालेल्या मोटरींत नवी तार भरता भरता, रेडिओ उघडता उघडता शिकलो. नव्या जिल्ह्यातलं ते माझं पहिलं सरकारी काम. ते फसलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मशीन असं होतं. तलावाच्या भिंतीलगत एक अरुंद विहीर, तळाशी तलावाला जोडलेली. तिच्यात एक पोकळ डबा तरंगतो, त्याला म्हणतात फ्लोट. फ्लोटची तार वर एका चाकावरून जाते. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली, चाक थोडं फिरतं, चाकाचा दांडा फिरतो. त्या दांड्याच्या टोकाला एन्कोडर. दांडा किती फिरला हे तारांमधून पाठवता येईल अशा आकड्यात बदलायचं, एवढंच एन्कोडरचं काम.

एन्कोडरच्या आत काचेची चकती असते. तिच्यावर एकात एक असे गोल पट्टे आखलेले, आमच्या चकतीवर आठ. प्रत्येक पट्ट्यात काही भाग काळा, काही पारदर्शक. एका बाजूने बल्बचा उजेड टाकायचा, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पट्ट्यासमोर उजेड ओळखणारा एक डोळा. उजेड आरपार गेला तर समजा त्या पट्ट्याचा दिवा लागला. काळ्या भागाने अडवला तर विझला. लागलेले आणि विझलेले असे आठ दिवे मिळून एक आकडा होतो. आठही विझलेले म्हणजे शून्य, तलाव कोरडा. आठही लागलेले म्हणजे दोनशे पंचावन्न, तलाव काठोकाठ. तारांनी हे दिवे खालच्या कार्यालयात जायचे, तिथे सर्किटचं एक कार्ड त्यांचा आकडा करायचं आणि डिस्प्लेवर लाल अक्षरात दाखवायचं. पंपांची खूण होती एकशे चाळीस.

मी पोचलो तेव्हा ती लाल अक्षरं नाचत होती. दोनशे पंचावन्न. मग एकशे अठ्ठावीस. मग पुन्हा दोनशे पंचावन्न. बाहेर तलाव डोळ्यांनी दिसत होता. उंचीने निम्मा, आणि तळाकडे निमुळता असल्यामुळे पाण्याने निम्म्यापेक्षा कितीतरी कमी.

ओट्यावर व्यंकटराव बसले होते. काठावरचा सगळ्यात मोठा मळा त्यांचा. मोटरपंपवाल्यांचे पुढारी. मला बघून उठले आणि हात जोडले.

"अप्पा, तुमचं मशीन लई पुण्यवान हाय. बिगर पावसाचा तलाव भरिवलं."

बाकीचे हसले. माझं डोकं तापलं. पण पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं.

"बैठकीत तुमीच म्हनलाव, मशीनचा आकडा धरायचा. आमी धरला. मशीन म्हनतंय तलाव भरलाय. सोडा आता आमची लाइट."

सोनकांबळे साहेबांनी मला आत घेतलं. ते म्हणाले, "सोमवारी लातूरला बैठक आहे. तोवर हे मशीन खरं की खोटं ते ठरवा. खोटं ठरलं तर मी काढून टाकतो. मग पुन्हा पट्टी, पुन्हा भांडण, आणि भांडण मिटेपर्यंत हे पंप चालवतील. खालच्या गावाला पाऊस येईपर्यंत पाणी पुरणार नाही."

मग त्यांनी एक तार माझ्यापुढे ठेवली. सकाळी त्यांनी मला फोन करायच्या आधी हैदराबादच्या कंपनीला केला होता. तिथल्या विक्री विभागाच्या मूर्ती साहेबांनी तारेने उत्तर दिलं होतं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: बसवताना सप्लायरच्या आईने यंत्रात राख घातली. बिघाड त्यामुळे. कंपनी जबाबदार नाही.

हे मूर्ती मशीन बसवायला स्वतः आले होते. त्या दिवशी माझी आई आली होती. आम्ही शिवभक्त. नवीन कामाला हात लावायच्या आधी भस्म लावतो, नारळ फोडतो. आईने एन्कोडरच्या लोखंडी पेटीच्या दारावर, बाहेरून, तीन बोटं भस्म ओढलं होतं. मूर्तींनी शेजारी उभं राहून हात जोडले होते. नारळाचा मोठा तुकडा मागून घेतला होता. आणि आता ते तिला राख म्हणत होते.

मी तिथेच बडबडायला लागलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी बोलू दिलं. मग म्हणाले, "मला भस्माचं काही देणंघेणं नाही, मी लावत नाही. पण एक सांगा. दोनशे पंचावन्न म्हणजे आठही दिवे लागलेले ना?"

"हाव."

"राख पडली तर उजेड अडेल. दिवा विझेल. राखेने दिवा लागेल कसा?"

एवढं साधं होतं. भस्माने आकडा घटला असता, वाढला नसता. मूर्तींना हे माहीत नसेल? चकत्या विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

आता पेटी उघडायची होती. पण एन्कोडरवर कंपनीचं सील होतं, आणि ते आम्ही तोडलं तर कंपनी म्हणणार, तुम्हीच बिघडवलं. म्हणून मी म्हणालो, पंचनामा करू. आणि पंच म्हणून व्यंकटरावांना घ्या. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी म्हणालो, आपल्या बाजूचा माणूस घेतला तर सोमवारी हेच लोक म्हणतील, आतून मिळालेले होते. त्यांच्याच डोळ्यांनी बघू द्या.

व्यंकटरावांना बोलावलं तर ते आधी टाळायला लागले. "मला त्यातलं काय कळतंय?"

"तुम्हाला ऊस कळतो ना?" मी म्हणालो. "डोळे तेच आहेत."

आम्ही तिघं भिंतीवर गेलो. पेटीच्या दारावर भस्माच्या तीन रेषा तशाच होत्या, उन्हाने जरा फिक्या. व्यंकटरावांनी सवयीने हात जोडले. दार उघडलं. एन्कोडरचं सील शाबूत, झाकणाखालचा रबरही जागच्या जागी. साहेबांनी ते व्यंकटरावांना बोट लावून बघायला लावलं. मग सील तोडलं. काच आरशासारखी स्वच्छ. भस्म तर सोडाच, धुळीचा कणही नव्हता.

मी चकती उन्हाकडे धरली आणि तेव्हा मला दिसलं.

साध्या बायनरी पद्धतीत एकशे सत्तावीस लिहिताना पहिला दिवा विझलेला असतो आणि बाकीचे सात लागलेले. एकशे अठ्ठावीस लिहिताना बरोबर उलटं, पहिला लागलेला आणि सात विझलेले. मधे एकच पायरी, पण ती ओलांडताना आठही दिवे एका क्षणात उलटायला पाहिजेत. कितीही काटेकोर आखणी करा, आठ दिवे एकदम कधीच उलटत नाहीत. एखादा केसभर आधी, एखादा केसभर नंतर. पाणी उतरताना सात दिवे लागले आणि पहिला अजून विझायचा राहिला, तर तेवढ्या जागेत आठही लागलेले दिसतात. डिस्प्ले म्हणतो, तलाव काठोकाठ. आणि एकशे अठ्ठावीस म्हणजे बरोबर मध्य. तलाव निम्म्यावर आला आणि या पायरीवर येऊन थांबला.

हे टाळायला ग्रे कोड. त्यात आकड्यांची मांडणीच अशी केलेली असते की एका पायरीवरून दुसरीवर जाताना एकच दिवा बदलतो. तो केसभर उशिरा बदलला तर आकडा एका पायरीने चुकतो, बस. तलाव निम्म्याचा काठोकाठ होत नाही. पाणी मोजायला हाच कोड पाहिजे असं मी कंपनीला सांगितलं होतं. मूर्तींनी हो म्हटलं होतं, बिलावर लिहिलं होतं, आणि कार्डही सोबत त्यांनीच दिलं होतं. कार्ड बायनरीला जुळणारं दिल्यामुळे एरवी आकडा बरोबर यायचा. मधेमधे जरा चळायचा, पण त्या दिवसांत लाइटच इतकी खाली-वर व्हायची की सगळं तिच्यावर ढकललं जायचं.

मी साहेबांकडे दोरा मागितला. त्यांच्या चपराशाने पिशवीच्या शिवणीतून ओढून दिला. चकतीच्या मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत तो ताणून धरला आणि व्यंकटरावांना म्हणालो, "या दोऱ्याच्या रेषेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं कुठं कुठं होतंय, बघा."

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. "सगळ्याच पट्ट्यात होतंय की. एका रेघेत."

"ग्रे कोडच्या चकतीवर दोरा कुठेही धरा, एकाच पट्ट्यात बदल दिसतो. दोन बदल एका रेषेत येतच नाहीत."

"मग ही ती चकती न्हाई."

"न्हाई."

व्यंकटराव सरळ झाले. उसाचं एक बेणं सांगून भलतंच बेणं विकणारे त्यांनीही बघितले असतील. ते म्हणाले, "फशिवलं की तुमाला." पंचनाम्यावर सही करताना त्यांनी मुद्दाम सांगून लिहून घेतलं, पेटीत भस्म आढळलं नाही. मग साहेबांना म्हणाले, "सोमवारपत्तुर आमचे पंप बंद. पर नवी चकती त्याच्या पुढं एक दिवस बी लांबली, तर मी लाइट मागनार."

त्याच दिवशी मी एन्कोडर आणि कार्ड गोणपाटात गुंडाळून हैदराबादची बस धरली.

कंपनीच्या दुकानात पुढे काउंटर, मागे काम करायची खोली. मूर्तींनी मला बघून खुर्ची दिली, चहा मागवला. शेजारी दोन गिऱ्हाईकं बसली होती, कुठल्यातरी कारखान्याची. ती उठून जाईपर्यंत थांबा, असं मूर्तींनी हळूच सुचवलं. मी म्हणालो, नको, यांच्यासमोरच बघू. मी काउंटरवर एन्कोडर ठेवला, त्यांच्याच बॅटरीला जोडला आणि त्यांचेच आठ छोटे दिवे लावले. दांडा बोटाने हळूहळू फिरवत मध्यावर आणला. आठही दिवे लागले. जरा मागे घेतला, एक लागलेला, सात विझलेले. जरा पुढे, पुन्हा आठही लागलेले. गिऱ्हाईकं पुढे सरकली.

मूर्ती म्हणाले, "अप्पा साब, इतनी फॅक्टरियों में यही डिस्क चल रही है. आज तक कोई नहीं बोला."

ते खरं असेल. कारखान्यात दांडा सतत फिरत असतो, चुकीची जागा डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे पडते. पण तलाव थांबतो. निम्म्यावर आलेलं पाणी तिथेच वाऱ्याने हलत बसतं. हे मी माझ्या लातुरी हिंदीत सांगितलं, आवाज चढवून सांगितलं.

तेव्हा त्यांनी पुन्हा राख काढली. यंत्राला असल्या गोष्टी चालत नाहीत, तुम्ही गावाकडचे लोक ऐकत नाही, वगैरे.

माझी नजर मागच्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. टेबलावर त्यांचं तपासणीचं मशीन, त्यावर गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू वाळून चिकटलेलं. एक ठिपका तर थेट बटणाच्या खाचेत.

मी उठून आत गेलो आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आप का कुंकू मशीन को चलता, और मेरी माँ का भस्म पेटी के बाहर से भी नहीं चलता?"

गिऱ्हाइकांपैकी एकजण हसला. मूर्ती हसले नाहीत. त्यांनी बसा म्हटलं, आणि खरी घासाघीस सुरू झाली. मी तीन गोष्टी मागितल्या. एक, खऱ्या ग्रे कोडचा एन्कोडर आणि त्याला जुळणारं कार्ड. दोन, तशीच एक जास्तीची चकती. तीन, सोनकांबळे साहेबांच्या कार्यालयाच्या नावाने पत्र, की दोष आमच्या चकतीत होता, भस्मात नव्हता.

पहिलीला ते लगेच तयार झाले. दुसरीला तोंड वाकडं केलं, तेव्हा मी दिवे पुन्हा जोडायला लागलो. गिऱ्हाइकांकडे बघून त्यांनी चकती काढून दिली. प्रत्येक चकतीवर मी तिथेच दोरा ताणून बघितला. तिसरीला म्हणाले, टायपिस्ट रजेवर आहे, तुमची बस जाईल, पत्र पोस्टाने पाठवतो. जबान दिली. माझ्या हातात खरा माल होता आणि तिकडे पाणी उतरत होतं. मी निघालो.

नवा एन्कोडर बैठकीच्या आधी बसला. ग्रे कोडचे दिवे सरळ वाचता येत नाहीत, म्हणून नवं कार्ड पहिल्या दिव्यापासून एकेक दिवा आधीच्याशी ताडून नेहमीचा आकडा करतं. डिस्प्लेवर एकशे सत्तावीस आला. व्यंकटराव स्वतः रंगवलेल्या पट्टीपाशी उतरले, पातळी वाचून ओरडून सांगितली. जुळली. ते वर आले, ऊस वाळतोय म्हणून चार शिव्या हासडल्या, पण त्या पावसाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता खरं बोलाय लागलं. पयलं होतं तेच बरं होतं."

पंप बंद राहिले. खालच्या गावाला पाऊस येईपर्यंत पाणी पुरलं. ती चकती त्यानंतर कितीतरी वर्षं चालली. तिच्या जोरावर मला हदगावकडचं काम मिळालं, मग देगलूरकडचं. आज माझं दुकान मोठं आहे, आणि मी कोणाच्या उपकारात नाही. या सगळ्याचं मला समाधानच आहे. माल घेताना बिलावर काय लिहिलंय ते बघू नका, दोरा ताणून बघा. आणि पोस्टाने पाठवतो म्हणणाऱ्याच्या समोरून उठू नका. या धंद्यात मी शिकलो ते एवढंच.

कारण पत्र आलं नाही. मी चारदा लिहिलं, दोनदा फोन केला. टायपिस्ट अजून रजेवरच असावा.

नवा एन्कोडर बसवताना आई आली होती. तारेची गोष्ट बाजारातून तिच्या कानावर गेली होती. मी नारळ फोडला, दारासमोर उभा राहिलो. तिने भस्माची डबी माझ्या हातात दिली आणि मागे सरकली.

"तूच लाव. माझा हात नगं."

मी सांगितलं, पंचनाम्यात लिहिलंय, तुझं काही चुकलेलं नाही.

"पंचनामा तुमच्या गावचा. त्या मोठ्या गावच्या मानसानं तर तसंच लिव्हलंय न्हवं."

त्यानंतर मी किती मशीनं बसवली. ती प्रत्येक वेळी आली, प्रत्येक वेळी डबी माझ्या हातात दिली आणि चार पावलं लांब, हात पदरात घेऊन उभी राहिली. तिच्या हाताने लावलेलं भस्म तेवढं एकाच पेटीवर आहे.

ती आता थकली आहे, पण ऐकू नीट येतं. मूर्ती साहेब असतील तर त्यांनी, नसतील तर त्यांच्या खुर्चीवर जो बसला असेल त्याने लातूरला यावं. मला पत्र नको. पेटी न उघडता राख कोणी पाहिली, एवढं त्याने माझ्या आईसमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून सांगावं.